लाभाचा डोह

५ मार्च १९३८, धामणदरी

पोचलो एकदाचा! परभणीहून मोटारीनं झरी, झरीपुढं जिंतूरच्या वाटेवर एका फाट्यावर उतरलो आणि तिथून बैलगाडीनं चार कोस. हाडं खिळखिळी झाली, पण मन भलतंच खुशीत आहे. पूर्णेच्या काठावर जकातीची जुनी चौकी आहे. दोन खोल्या आणि एक ओसरी. आजपासून हेच माझं घर, हेच दफ्तर आणि हीच प्रयोगशाळा. ओसरीवर बसलं की समोर डोह दिसतो. पलीकडच्या काठावरून गाडीवाट उतरते आणि डोहाच्या डोक्याशी गुडघाभर पाण्यातून चौकीकडे येते.

पाटील व्यंकटराव मोठा दिलदार माणूस. चौकी सारवून घेतली होती, पिठलं-भाकरी तयार होती. कसलं काम म्हणून विचारलं. मी म्हटलं, नदी आजारी आहे का ते बघायचं. तेव्हा त्यांनी हसून गावाला ओरडून सांगितलं, "नदीची नाडी बघायला हकीम आलाय रे!" झालं, आता गावभर मी हकीमसाहेब.

थट्टा सोडली तर काम तेच आहे. तीन वर्षं पावसानं दगा दिला. नदी वाहायची थांबली, नुसते डोह उरले. त्या डोहांत येलदरीपासून खालपर्यंतची गावं अंबाडीच्या पेंढ्या कुजवतात, मासे गुंगवायला हिंगणाची फळं ठेचून टाकतात आणि प्यायलाही तेच पाणी नेतात. पाणी बरं की वाईट, हे पाण्याला विचारून कळत नाही. त्यात कोण कोण राहतं, यावरून कळतं. काही किडे घाणीतही सुखानं नांदतात, काहींना जराही घाण खपत नाही. रोज भर दुपारी, उजेड तळापर्यंत जातो तेव्हा, सात ठरलेल्या जागी जाळं टाकायचं, सापडेल तो जीव मोजायचा आणि सोडून द्यायचा. फक्त दिवसाचा पहिला जीव स्पिरिटच्या बाटलीत घालून, वर मेण लावून, नंबर टाकून ठेवायचा. आमच्या खात्याचे वरिष्ठ, मोहतमीम साहेब, यांचा तसा लेखी हुकूम आहे.

६ मार्च

पहिला दिवस, आणि पहिलीच कुरबूर.

आश्रुबा भोई मदतीला होता. पन्नाशीचा, काळाभोर, पाण्यात माशापेक्षा हलका. पहिल्या जाळ्यात बोटभर खवली मासळी आली, शेपटीला फाटलेली. त्यानं ती उचलून पाण्यात टाकायला हात केला, मी मनगट धरलं. त्यानं समजावून सांगितलं ते असं: खळ्यावर ज्वारी मोजताना पहिल्या मापाला कोणी 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतात. ते माझ्या आजोळीही म्हणत. पण इथं तो लाभ डोहाचा. पहिल्या मापातली मूठ, गाईचा पहिला चीक, जाळ्यातला पहिला मासा, सगळं पाण्यात. "पयलं डोहाचं, साहेब. मग बाकीचं आपलं."

मी म्हटलं, बाबा रे, पहिलं सरकारचं. खवली बाटलीत गेली, नंबर एक. त्यानं भांडण केलं नाही. "तुमी जाना अन् डोह जानं," एवढं म्हणून जाळं धुऊन दिलं. आजची मोजणी दोनशे बारा. मासे, झिंगे, शिंपले, चतुराची पिल्लं. आजारी म्हणावी अशी नदी नाही ही!

घाटाच्या दगडावर एक म्हातारी बसलेली असते, बायनाबाई. माझ्या शेजारच्याच खोपटात राहते. तिनं विचारलं, मी आईचा कितवा. पाच भावांत तिसरा, म्हटलं. तर म्हणाली, "मग तुला भ्या न्हाई." मग लेकरंबाळं विचारली. कस्तुरा राणीसावरगावला माहेरी आहे, याच महिन्यात बाळंत होईल, पहिलंच आहे, असं मी कौतुकानं सांगितलं. म्हातारी टोपली उचलून घरात गेली. आशीर्वाद द्यायला काय हरकत होती?

१५ मार्च

आश्रुबा त्या दिवसापासून आलाच नाही, आता मीच जाळं टाकतो. पहिले तीन दिवस जाळ्यापेक्षा मीच जास्त वेळा पाण्यात पडलो. बाटल्या दहा झाल्या, ओसरीच्या फळीवर ओळीनं मांडल्यात. मोजणी एकशे सत्तर.

पाण्याचा गढूळपणा मोजायला पांढरी थाळी दोरीनं सोडतो. दिसेनाशी झाली की दोरी मोजायची. पहिल्या दिवशी दोन हातांवर गेली, आज साडेतीन हातांवर. पाणी स्वच्छ होतंय. मला बरं वाटलं.

कस्तुराला पत्र लिहिलं. सव्वा महिना झाला की इथंच ये, पाण्याची पूजा गावच्या आडावर कशाला, आपल्या पूर्णेवर करू. बाळाचे पाय मी स्वतः डोहात बुडवीन. चार पानं भरून लिहावं असं वाटत होतं, पण सरकारी कागद संपेल!

२ एप्रिल

मुलगा झाला! २८ मार्चला. मेव्हणा चंद्रभान यानं पत्र लिहिलंय, कस्तुरा बरी आहे, मुलगा काळासावळा आणि नाक माझ्यावर. देवा, एवढा आनंद झाला की भर उन्हात नदीच्या वाळूत एकटाच नाचलो. गावात गूळ वाटला. बायनाबाईनं गूळ घेतला नाही. हात मागं लपवले लहान पोरीसारखे आणि विचारलं, "पोरगा हाय?" मी हो म्हटलं तर डोहाकडे बघत बसली.

आठ तारखेचं बारसं. रजा मंजूर आहे. सहाला निघतो.

मोजणी एकसष्ट. शिंपले उघडे पडलेत, आत काही नाही. थाळी नऊ हातांपर्यंत दिसते.

६ एप्रिल

स्वतःवर हसू की रडू? सकाळी निघालो, फाट्यापर्यंत चार कोस, वाट सरळ. दोन टेकाडं ओलांडली, तिसऱ्यावरून खाली नदी दिसली. वाटलं, वाट चुकून दुसऱ्याच गावी आलो. जवळ आलो तर घाटावर एक चौकी, चौकीच्या दोरीवर धोतर वाळत घातलेलं. धोतर माझंच होतं.

ऊन लागलं असावं. उद्या डोक्याला ओला पंचा बांधून निघतो.

७ एप्रिल

पुन्हा तेच. या खेपेला सूर्याकडे पाठ ठेवून एक एक खूण मोजत गेलो. पळस, दगडाची खाण, मारुतीचा पार. पारापुढं टेकाड, टेकाडापुढं डोह. बरोबर दुपारी बारा वाजता.

बायनाबाई दगडावर बसली होती. तिनं तांब्याभर पाणी पुढं केलं. माझ्याशिवायच उद्या पोराचं नाव ठेवतील.

११ एप्रिल

गाव उठलं. जनावरं डोहाचं पाणी तोंडी लावेनात. दोन दिवस तहानलेली उभी राहिली, शेवटी सगळ्यांनी चंबूगबाळं आवरलं आणि गंगाकाठी, गोदावरीकडे निघाले. मोजणी अकरा. पाणी इतकं नितळ की पोराटोरांनाही वाटावं, ओंजळीनं प्यावं. पण बैलांना आमच्यापेक्षा जास्त कळतं.

व्यंकटरावांनी मला हात धरून आपल्या गाडीत बसवलं. गावाबाहेरच्या बाभळीपाशी बैल थांबले. चाबूक झाला, शेपट्या पिरगाळून झाल्या, बैल खाली बसले. मी उतरलो. उतरताक्षणी उठून चालू लागले. पुन्हा बसलो, पुन्हा बसले. सारं गाव बघत होतं, कोणी हसलं नाही. पाटलांनी माझ्या डोळ्यांत न बघता दोन पायल्या ज्वारी खाली ठेवली. "लय वाईट वाटायलंय हकीमसाहेब," म्हणाले आणि गाडी हाकली.

त्यांच्याजवळ कस्तुराला पत्र दिलं. मला येता येत नाही, काय झालंय ते कळत नाही, तूच ये, सव्वा महिना झाला की चंद्रभानला घेऊन ये. तू आलीस की मी तुझ्याबरोबर निघेन.

गावात आता मी आणि बायनाबाई.

१७ एप्रिल

मोजणी शून्य.

साती जागी. मासा नाही, झिंगा नाही, डासाची अळीसुद्धा नाही. थाळीला दोरी पुरली नाही. दुसरी जोडली, तिसरी जोडली. चाळीस हातांखाली थाळी आहे आणि तिच्यावरचा खिळ्याचा ओरखडा मला दिसतो. एवढा खोल डोह पूर्णेत असूच शकत नाही.

मुळात नदी मरते तेव्हा घाण होते, असं आम्हाला शिकवलं. ही मरून स्वच्छ झालीय.

शेवटच्या जाळ्यात एक जीव आला. बोटभर खवली, शेपटीला फाटलेली, मेलेली. स्पिरिटचा वास येत होता. घरी येऊन फळीवर बघितलं. नंबर एकची बाटली रिकामी होती, वरचं मेण जसंच्या तसं.

१९ एप्रिल

काल नंबर दोन, आज नंबर तीन. जाळ्यात रोज एकच, ओळीनं.

उरलेल्या बाटल्यांतल्या माशांची तोंडं डोहाकडे आहेत. मी बाटल्या फिरवून ठेवल्या. जेवून आलो तर पुन्हा डोहाकडे. भर दिवसा, लख्ख उजेडात. मी भ्यालोय, हे लिहायला लाज कशाची? फार भ्यालोय.

२२ एप्रिल

आज बायनाबाईनं सांगितलं. मी पाय धरले तेव्हा.

पन्नास वर्षांमागं असाच दुष्काळ होता. ती नवी सून, घरात दाणा नव्हता. सासऱ्यानं जाळं टाकलं, पहिली मरळ आली, तिनं ती पाण्यात न सोडता चुलीवर चढवली. भूक होती, दुसरं काही नव्हतं. त्या साली तिला पहिला मुलगा झाला, मुंजाजी. रांगायला लागला होता. "डोहानं आपलं पयलं घेतलं. मेलेलं त्याला चालत न्हाई रे. जित्त्याला जित्तं लागतंय."

मी विचारलं, मग ही गाव सोडून का गेली नाही. ती म्हणाली, "गेले की. लय येळा गेले. वाट हितंच येती." डोहाचं देणं फिटलं, तरी ज्यानं पहिलं राखलं त्याला डोह सोडत नाही, म्हणाली. लेकराजवळ बसवून ठेवतो.

मी चाळीसच्या वर राखलेत. आणि मी पत्र लिहून पोराला बोलावलंय.

२३ एप्रिल

सगळ्या बाटल्या फोडून डोहात ओतल्या. हात जोडले. शास्त्र शिकलेल्या माणसानं नाक घासलं वाळूत.

दुपार टळायच्या आत सगळे काठाला लागले. ओळीनं, नंबराप्रमाणे. तोंडं उघडी.

२७ एप्रिल

पत्र न्यायला माणूस नाही. टपालवाला गाव उठल्यापासून येत नाही. पलीकडच्या काठावर पाटी लावावी म्हणून निघालो — फळीवर कोळशानं मोठ्या अक्षरांत लिहिलं, मागं फिरा. गुडघाभर पाण्यातून चालत गेलो, पलीकडं चढलो, वर बघितलं तर समोर माझीच ओसरी. पाच वेळा गेलो. पाचही वेळा ओसरी.

फळी पाण्यात सोडली, वाहून तरी जाईल. वाहायला नदी वाहती पाहिजे ना!

२ मे

जेवण जात नाही. बायनाबाई भाकरी ठेवून जाते. मी तिला विचारलं, मुंजाजी दिसतो का पाण्यात. हो म्हणाली. रोज दुपारी. अजून रांगतो.

सव्वा महिना पाच तारखेला पुरा होतो. कस्तुरा तापानं पडो, मोटार बिघडो, चंद्रभानचं आणि तिचं भांडण होवो. कस्तुरा, रुसून बस माझ्यावर. बारशाला आला नाही म्हणून जन्मभर तोंड बघू नको माझं.

५ मे

उपाय सापडला. जो दिवसाचा पहिला पाण्यात उतरेल तो डोहाचा. मग मीच उतरतो. रोज, सूर्य उगवताच. ते येतील त्या दिवशीही मीच पहिला असेन. जित्त्याला जित्तं. एवढं तरी बाप म्हणून—

अजून उतरलो नाही. जीव धजत नाही. उद्या.

६ मे

नाही धजला.

७ मे

पहाटे काठावर जाऊन बसलो. दुपारी उठून आलो. थू माझ्या जिनगानीवर.

८ मे

गाडी.

पलीकडच्या काठावर धूळ दिसतेय. बैलांच्या घुंगरांचा आवाज येतो. चंद्रभानचा लाल फेटा. दुपारचे बारा वाजायला आलेत.

चाललो. वही सदऱ्यात घेतलीय, कोणाला मिळाली तर कळेल.

—

पाणी मला घेत नाही.

पाय टाकला तर पाणी एक पाऊल मागं सरलं. आणखी एक टाकला, आणखी सरलं. धावलो. पायाखाली कोरडी वाळू — आणि सारं पाणी पुढं, कस्तुराकडं, तिच्या काठाकडं गोळा व्हायला लागलं. थांबलो. तेही थांबलं.

मी तिसरा. मी घरातला तिसरा आहे, पहिला नाही. मग तुला भ्या न्हाई, म्हणाली होती बायनाबाई.

—

मागं येतोय. मी मागं आलो की पाणी वासरागत माझ्या मागं येतं. तिच्यापासून लांब. एवढं तरी करता येईल — ओढून नेतो त्याला — मागं, मागं—

चौकीच्या भिंतीला पाठ लागली. आता मागं जागा नाही. पाणी घोट्याला टेकून उभं आहे, पण ओलं लागत नाही. पुढं पाऊल टाकायचं नाही. हलायचं नाही. नुसतं उभं राहायचं. लिहीत राहतो, लिहीत राहिलो की पाय हलत नाहीत—

वाट कोरडी पडलीय. कस्तुराला वाटलं नदी आटली. उतरली गाडीतून. कडेवर दुपट्यात—

ओरडलो. आवाज पाण्यावरच बसतो. हात हलवतोय, जा म्हणून, मागं जा म्हणून. तिला वाटतंय बोलावतोय. हसतेय. चंद्रभान बैल सोडतोय, त्याचं लक्ष नाही—

बायनाबाईनं डोळ्यांवर पदर घेतला.

मधोमध आलीय ती. कोरड्या वाळूत. दुपटं बाजूला करून त्याचं तोंड माझ्याकडं केलंय, बघ म्हणून. खरंच नाक माझं आहे. घोट्यापाशी गार गार— पाणी सुटलं— वळलं— मी नाही हललो, कस्तुरा, मी हललोही नाही, अजून त्याला धड बघितलंही नाही, आत्ता पहिल्यांदा—